खेळणीं करणारा यंत्रज्ञ : गुम्पेई योकोई

जपानमधील क्योतो शहरांत निन्टेंडो नांवाची एक पेढी १८८९ सालीं स्थापन झाली. खेळावयाचे पत्ते करणें हा तिचा धंदा. हे पत्ते आपल्या परिचयाचे बावन्न पानांचे नव्हेत. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचें एक फूल अथवा झाड आणि प्रत्येकाचीं चार पानें, असा अठ्ठेचाळीस पानांचा तो जोड असतो व त्यास हानाफुदा म्हणतात. सावंतवाडीची गंजिफा वाटोळी, हे पत्ते चौकोनी; परंतु दोहोंतही अंकांपेक्षां चित्रांना मान अधिक.

या कारखान्यांत १९६५ सालीं गुम्पेई योकोई नांवाचा एक तरुण नोकरीस लागला. क्योतोमधीलच दोशिशा विद्यापीठांत त्यानें विद्युत्-शास्त्राचें शिक्षण घेतलें होतें. काम मात्र मिळालें तें पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्याचें. यंत्र बिघडलें तर दुरुस्त करावयाचें, न बिघडलें तर बसून राहावयाचें. अशा रिकाम्या वेळांत त्यानें स्वतःच्या करमणुकीसाठीं पट्ट्या कातरीसारख्या एकमेकींस जोडून एक लांब होणारा हात तयार केला. मुठी जवळ आणल्या कीं हा हात पुढें झेपावे आणि टोकाशीं असलेला चिमटा वस्तु पकडी. कारखान्याचे मालक हिरोशी यामाऊची यांच्या तें दृष्टीस पडलें. कामाच्या वेळीं खेळत बसलेला नोकर सांपडला म्हणजे मालक सामान्यतः काय करितात तें सांगावयास नको. यामाऊचींनीं मात्र त्यास बोलावून घेतलें आणि तेंच खेळणें विक्रीसाठीं तयार करण्यास सांगितलें. १९६६ सालीं तें ‘अल्ट्रा हँड’ या नांवानें बाजारांत आलें व त्याचे दहा लक्षांहून अधिक नग खपले. यंत्रांची देखभाल तेथेंच संपली. पुढें तीस वर्षें योकोई यांनीं या पेढीसाठीं खेळणींच केलीं.

आज घरोघरीं जे व्हिडिओ खेळ, जे फोन आणि जीं नाना प्रकारचीं विजेचीं उपकरणें येऊन पडलीं आहेत, त्यांच्यासंबंधीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कांहीं लोक म्हणतात कीं जें यंत्र आज निघालें तेंच घ्यावें, कालचें टाकून द्यावें. कांहीं म्हणतात कीं हें सर्व थोतांड आहे, मुलांच्या हातीं त्यांतलें कांहींच देऊं नये. योकोई यांचें चरित्र या दोन्ही पक्षांना अडचणींत टाकणारें आहे. तो मनुष्य आयुष्यभर विजेचीं खेळणीं करीत राहिला, आणि नव्या यंत्रविद्येवर त्याचा विश्वास फारच थोडा होता.

स्वतःच्या पद्धतीस त्यांनीं एक नांव दिलें होतें. जपानी भाषेंत तें ‘कारेता गिजुत्सु नो सुइहेइ शिको’ असें आहे. ‘कारेता’ म्हणजे वाळलेली किंवा सुकलेली, ‘गिजुत्सु’ म्हणजे तंत्रविद्या, आणि उरलेल्या शब्दांचा अर्थ आडव्या दिशेनें केलेला विचार. वाळलेली हा शब्द ऐकून निरुपयोगी असा अर्थ मनांत येईल, पण तो येथें अभिप्रेत नाहीं. आपल्याकडील कोणाही सुतारास विचारावें. दाराच्या चौकटीस तो ओलें लाकूड लावीत नाहीं. तें पुढें वांकतें, फुगतें, चिरतें. वाळलेलें लाकूड काय करील व काय करणार नाहीं हें त्यास ठाऊक असतें. तंत्रविद्येचेंही तसेंच आहे. जो भाग बाजारांत येऊन दहा वर्षें झालीं, ज्याचे दोष सर्वांना कळले, जो अनेक कारखाने करूं लागल्यामुळें स्वस्त झाला, तो वाळलेला भाग. आतां त्याचा, ज्या कामासाठीं तो जन्मला त्याहून अगदीं निराळ्या कामाकडे उपयोग करावयाचा, हा आडवा विचार.

याचें एक सोपें उदाहरण पाहावें. सूर्यप्रकाशापासून वीज उत्पन्न करणारे लहान घट शार्प कंपनी तयार करीत असे. योकोई यांनीं पाहिलें कीं जो पदार्थ उजेड पडल्यावर वीज देतो, तो उजेड पडला किंवा नाहीं हें सांगूंही शकतो. १९७० सालीं त्यांनीं खेळण्यांतील बंदुकींत एक दिवा बसविला आणि निशाणांत हा घट. नेम बरोबर लागला कीं निशाण हाले किंवा उडे. गोळी नाहीं, दारू नाहीं, इजा नाहीं. पुढें १९७३ सालीं हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर करून, जपानांत ओस पडलेल्या बोलिंगच्या मोठमोठ्या दालनांत प्रकाशाच्या बंदुकांनीं नेमबाजी करण्याचा खेळ पेढीनें सुरू केला. पण त्याच वर्षीं तेलाचें संकट आलें, लोकांनीं चैनीच्या गोष्टींवरील खर्च आवरला, आणि पेढी कर्जांत सांपडली. उत्तम कल्पनेस काळ अनुकूल असावाच लागतो.

सत्तरच्या दशकांत जपानी कंपन्यांमध्यें कॅल्क्युलेटर स्वस्त करण्याची चढाओढ लागली होती. शार्प आणि कॅसिओ या दोघी एकमेकींच्या किंमती पाडीत होत्या. परिणाम असा झाला कीं हिशेबाच्या यंत्रांतील बारीक पडदा आणि त्याचा मेंदू, दोन्ही मातीमोल झालीं. याच सुमारास योकोई आगगाडीनें जात असतां त्यांनीं एक नोकरदार गृहस्थ पाहिला. वेळ जात नाहीं म्हणून तो खिशांतून कॅल्क्युलेटर काढून त्याचीं बटणें उगाच दाबीत बसला होता. मोठ्या माणसांनाही खेळावेंसें वाटतें, पण चारचौघांत लाज वाटते. तेव्हां तळहातांत लपेल असें खेळणें का करूं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला. मालकांचा मोटरहाक्या आजारी पडल्यामुळें एके दिवशीं मालकांची गाडी चालविण्याचें काम योकोई यांजवर आलें होतें, त्या प्रवासांत त्यांनीं ही कल्पना सहज बोलून दाखविली असें सांगतात. मालक मुकाट्यानें ऐकत राहिले, आणि नंतर शार्पच्या प्रमुखांशीं बोलणें करून मोकळे झाले.

अशा रीतीनें १९८० सालीं ‘गेम अँड वॉच’ जन्मास आला. एका यंत्रांत एकच खेळ, आणि खेळत नसेल तेव्हां तें घड्याळ. घड्याळाची ही जोड मोठी धूर्तपणाची होती. वडील माणसास तें विकत घेण्यास एक निमित्त मिळालें. पुढील अकरा वर्षांत या मालिकेचे चार कोटींहून अधिक नग विकले गेले. त्यांतीलच १९८२ च्या एका यंत्रासाठीं योकोई यांनीं अधिक चिन्हाच्या आकाराचें एक बटण तयार केलें. डाव्या अंगठ्यानें वर, खालीं, उजवीकडे, डावीकडे दाबावयाचें. नजर पडद्यावरून हलवावयाचें कारण नाहीं. तें बटण आजही बहुतेक सर्व खेळयंत्रांवर, कोणत्याही कंपनीचें असो, कोठें ना कोठें असतेंच. एखाद्या बटणाचा आकार चाळीस वर्षांहून अधिक काळ बदलावासा वाटूं नये, हें त्याच्या कर्त्याचें मोठें यश होय.

परंतु योकोई यांच्या मताची खरी परीक्षा झाली ती १९८९ सालीं. त्या वर्षाच्या २१ एप्रिल रोजीं जपानांत ‘गेम बॉय’ विक्रीस आला. किंमत १२,५०० येन. पडदा हिरवट, त्यांत चारच छटा, आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, मागें दिवा नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेंत अटारी कंपनीनें ‘लिंक्स’ हें यंत्र आणलें. त्याचा पडदा रंगीत होता, त्याच्या मागें दिवा होता, त्याचा मेंदूही अधिक जलद होता. पुढील वर्षीं सेगा कंपनीचा ‘गेम गिअर’ आला, तोही रंगीत. दुकानांत तिन्ही यंत्रें शेजारीं ठेवलीं तर गेम बॉय गरीब नातेवाइकासारखा दिसे. अमेरिकेंत लिंक्सची किंमत सुमारें १८० डॉलर, गेम बॉयची सुमारें ९०.

आतां थोडें गणित करावें. अशा प्रश्नांत डोळ्यांपेक्षां गणित अधिक विश्वासू असतें. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि ते सुमारें पंधरा तास चालत. लिंक्सला सहा लागत आणि ते चारपांच तासांत संपत. एखादें मूल महिन्याभरांत साठ तास खेळलें असें धरूं. गेम बॉयसाठीं सोळा सेल लागतील. लिंक्सचे पांच तास धरले तरी बहात्तर. ज्या घरांत महिन्याच्या खर्चाची वही ठेवली जाते, तेथें हा फरक पहिल्याच महिन्यांत लक्षांत येईल. शिवाय तें यंत्र जिन्यावरून पडणार, दप्तरांत चेंगरणार. गेम बॉयची अंगकाठी अशी होती कीं १९९१ च्या आखाती युद्धांत बाँबहल्ल्यानें भाजून निघालेला, वरचें आवरण वितळलेला एक गेम बॉय पुढें चालूं झाला, आणि न्यूयॉर्क येथील कंपनीच्या दुकानांत तो अनेक वर्षें चालता ठेवलेला लोकांनीं पाहिला.

प्रतिस्पर्ध्यांचें नवें यंत्र येत आहे अशी बातमी आली, तेव्हां योकोई यांनीं पडदा रंगीत आहे काय एवढेंच विचारलें आणि होकार मिळतांच निश्चिंत झाले, असें सांगतात. त्यांची निश्चिंतता योग्य होती. गेम बॉय आणि त्याचा १९९८ मधील रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटी ८६ लक्षांहून अधिक खपले. लिंक्सचें नांव आज संग्राहकांपलीकडे फारसें कोणी घेत नाहीं.

येथें एक गोष्ट न्यायासाठीं सांगितली पाहिजे. गेम बॉयचें सर्व श्रेय एकट्या योकोई यांचें नव्हे. सातोरु ओकादा नांवाचे त्यांचे सहकारी होते. योकोई यांच्या मनांत जुन्या गेम अँड वॉचचीच सुधारलेली आवृत्ति काढावी असें होतें. ओकादा यांनीं हट्ट धरला कीं खेळ बदलतां आले पाहिजेत, मेंदू अधिक समर्थ पाहिजे, म्हणजे इतरांनाही त्यावर खेळ लिहितां येतील. दोघांत कडाक्याचा वाद झाला आणि अखेर योकोई यांनीं ओकादांना त्यांच्या इच्छेप्रमाणें करूं दिलें. वाळलेल्या लाकडाचा आग्रह हा जर केवळ काटकसरीचा आग्रह राहिला असता, तर गेम बॉय दोन वर्षांत विस्मृतींत गेला असता.

खेळ बदलतां येऊं लागल्यामुळेंच अमेरिकेंत या यंत्राबरोबर ‘टेट्रिस’ देतां आला. मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक-केंद्रांत अलेक्सेई पाजित्नोव यांनीं १९८४ च्या सुमारास तो रचला. वरून निरनिराळ्या आकारांच्या विटा पडतात, त्या रिकामी जागा न ठेवतां रचावयाच्या, ओळ पूर्ण भरली कीं ती नाहींशी होते. राक्षस नाहीं, राजकन्या नाहीं, मारामारी नाहीं. हेंक रॉजर्स या व्यापाऱ्यानें १९८९ सालीं मॉस्कोस जाऊन त्याचे हक्क मिळविले व कंपनीस पटविलें कीं इतर खेळ मुलगे खेळतील, हा मात्र आई-बापही खेळतील. तसेंच झालें. रचनाकारास मात्र सोव्हिएत व्यवस्थेमुळें १९९६ पर्यंत त्या अफाट उत्पन्नांतून जवळजवळ कांहीं मिळालें नाहीं.

महाराष्ट्रांतील शहरी घरांत खरा गेम बॉय थोड्यांनींच पाहिला. येथें नव्वदच्या दशकांत आला तो चिनी बनावटीचा ‘ब्रिक गेम’. त्यावर नऊ हजार नऊशें नव्याण्णव खेळ असल्याची बढाई छापलेली असे, आणि प्रत्यक्षांत त्याच विटांचे वेग बदलून केलेले दहाबारा खेळ. तरीही उन्हाळ्याच्या सुटींत भावंडांची त्यावरून भांडणें होत व दुपारीं सर्वांची जेवणें उरकलीं कीं घरांतील वडील मंडळीही तो हळूच हातांत घेत. सेल संपले म्हणजे खेळ बंद, आणि नवे सेल आणावयाचे किंवा नाहीं हें आईच्या हातीं. मुलांच्या खेळाला मर्यादा घालण्याचा इतका सोपा उपाय पुढें राहिला नाहीं. आतां यंत्र भिंतीला लावलें कीं रात्रभरांत पुन्हां ताजेंतवानें होतें.

गेम बॉयवरील टेट्रिस हा सबंध खेळ ३२ किलोबाइटांत मावलेला होता. आज शंभर गिगाबाइटांहून मोठे खेळ निघतात, म्हणजे सुमारें तीस लक्ष पट. चित्रें भव्य झालीं, आवाज खरे झाले, यांत संशय नाहीं. परंतु त्या लहानशा कॅसेटला एक कडक अट होती : ती एकदां कारखान्याबाहेर पडली कीं तिच्यांतील एक अक्षरही बदलतां येत नसे. म्हणून ती बाहेर पाठविण्यापूर्वीं शंभर वेळां तपासावी लागे. आज तारेवरून दुरुस्ती पाठवितां येते, आणि सोय झाली कीं आळस येतो. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा बहुप्रतीक्षित खेळ १० डिसेंबर २०२० रोजीं प्रसिद्ध झाला. सोनीच्या जुन्या यंत्रावर तो इतका अडखळे आणि मध्येंच बंद पडे, कीं एका आठवड्यांत सोनीनें तो आपल्या दुकानांतून काढून टाकला व ग्राहकांचे पैसे परत करण्याचें जाहीर केलें. तो पुन्हां तेथें येण्यास २०२१ चा जून उजाडला. पुढें तो खेळ सुधारला व लोकांनीं त्यास वाखाणलें, हेंही खरें. पण ज्यानें पहिल्या दिवशीं पूर्ण किंमत मोजली, त्यानें ओल्या लाकडाची चौकट विकत घेतली होती.

तथापि योकोई यांच्या मताचें स्तोत्र गावयाचें कारण नाहीं. वाळलेली विद्या कंजुषाच्या हातीं गेली म्हणजे तें जुना माल नव्या भावानें विकण्याचें निमित्त होतें. गेम बॉयला दिवा नव्हता. संध्याकाळीं मोटारींतून जाणाऱ्या मुलास रस्त्यावरचा एक दिवा मागें पडून दुसरा येईपर्यंत थांबावें लागे. ही उणीव सर्वांना दिसत होती, आणि तरीही आंतून उजळणारा पडदा जपानांत १९९८ सालीं व इतर देशांत २००३ सालीं आला. तोपर्यंत दिव्याची विद्या चांगली वाळलीच होती, किंबहुना कडकडीत झाली होती.

आणि स्वतः योकोई यांचीही या मतानें एकदां दारुण निराशा केली. १९९५ सालीं त्यांचा ‘व्हर्च्युअल बॉय’ आला. टेबलावर दोन पायांचें स्टँड, त्यावर मोठा चष्मा, त्यांत डोळे घालून पाहावयाचें. आंत तांबड्या बारीक दिव्यांची एक ओळ, आणि ती हलत्या आरशांनीं पसरून खोली असलेलें चित्र दाखवीत असे. तांबडे दिवे निवडले, कारण ते स्वस्त होते आणि वीज थोडी खात. येथपर्यंत सर्व जुन्या सूत्राप्रमाणें. परंतु काळ्या अंधारांत तांबडीं चित्रें पाहून लोकांचीं डोकीं दुखूं लागलीं, मानेस कळ लागूं लागली. सात वर्षांखालील मुलांना देऊं नये अशी सूचना कंपनीलाच द्यावी लागली. खिशांत मावत नाहीं, दूरदर्शनासारखें चारचौघांनीं मिळून पाहतां येत नाहीं, शेजारी बसलेल्यास खेळणारा काय पाहतो तें कळत नाहीं. एकंदर बावीसच खेळ निघाले, सुमारें पावणेआठ लक्ष यंत्रें विकलीं गेलीं आणि एका वर्षाच्या आंत तो गुंडाळला. सेल किती खर्च होतील याचा हिशेब बरोबर होता. माणसाच्या मानेचा हिशेब राहून गेला. आगगाडींतील त्या गृहस्थाचें निरीक्षण ज्यानें केलें, त्याच्याच हातून हें व्हावें याचें आश्चर्य वाटतें.

ऑगस्ट १९९६ मध्यें, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, योकोई निन्टेंडोंतून बाहेर पडले. अपयशामुळें त्यांना जावें लागलें असें वृत्तपत्रांनीं लिहिलें. पन्नाशीनंतर स्वतंत्र व्हावयाचें हें आपण आधींच ठरविलें होतें असें त्यांचें म्हणणें होतें. जाण्यापूर्वीं त्यांनीं गेम बॉयची एक सडपातळ आवृत्ति करून दिली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत जपानांत ‘पोकेमॉन’ हा खेळ प्रसिद्ध झाला होता, आणि तोही कशावर, तर सात वर्षें जुन्या, हिरवट पडद्याच्या गेम बॉयवर. मोडीत निघणार असें ज्याविषयीं बोलूं लागले होते, त्या यंत्राला पुन्हां तारुण्य आलें.

योकोई यांच्यामागेंही त्यांचा विचार त्या पेढींत राहिला. २००६ सालीं सोनीनें महागडें व अतिशय सामर्थ्यवान यंत्र काढलें, तेव्हां निन्टेंडोनें ‘वी’ हें त्यापुढें दुबळें यंत्र निम्म्या किंमतींत काढलें. फक्त त्याचा हातांतील दांडा हवेंत हालवून टेनिस खेळतां येत असे. आजी-आजोबाही दिवाणखान्यांत उभे राहून तो हालवूं लागले, व दहा कोटींहून अधिक यंत्रें खपलीं.

फोन विकणारे मात्र अजून ओल्या लाकडाचे व्यापारी आहेत. दरवर्षीं नवा आकार, नवा भिंगांचा संच, आणि बॅटरी अशी चिकटवलेली कीं ती थकली म्हणजे सबंध फोन टाकावासा वाटावा. युरोपीय संघानें २०२३ सालीं नियम केला, कीं लहान उपकरणांतील बॅटरी सामान्यतः ग्राहकास स्वतः काढतां-घालतां आली पाहिजे, आणि त्यासाठीं २०२७ ची मुदत ठरविली. चार पेन्सिल सेल घालून मागचें झांकण लावणाऱ्या १९८९ मधील मुलाला हा नियम कशासाठीं लागतो तेंच कळलें नसतें.

नोकरी सोडल्यावर योकोई यांनीं क्योतोमध्येंच ‘कोतो’ नांवाची लहानशी कंपनी काढली आणि बांदाई या खेळण्यांच्या कंपनीसाठीं एका नव्या यंत्राच्या कामास हात घातला. तें पूर्ण झालेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. ४ ऑक्टोबर १९९७ रोजीं इशिकावा प्रांतांतील महामार्गावर त्यांची मोटार दुसऱ्या वाहनावर आदळली. नुकसान पाहण्यासाठीं ते खालीं उतरले असतां मागून आलेल्या दुसऱ्या मोटारीनें त्यांना ठोकरलें. त्यांचें वय छप्पन्न होतें.

तें यंत्र ‘वंडरस्वान’ या नांवानें मार्च १९९९ मध्यें जपानांत आलें. पडदा पुन्हां बिनरंगी, किंमत ४,८०० येन, आणि एकाच पेन्सिल सेलावर तें तीस तास चाले. पहिल्याच दिवसापासून त्याबरोबर एक खेळ मिळे. आडव्या-तिडव्या तुटक रेषा खालून वर सरकत येत, आणि त्या जुळवून डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक अखंड रेषा करावयाची. त्या खेळाला नांव दिलें होतें ‘गुन्पे’.